बटणं दाबायला दुसरं बोट: साध्या हँड कंट्रोलरला ऑटोगायडर जोडताना

दुर्बिणीला कॅमेरा लावून पहिला दोन मिनिटांचा फोटो काढला, की बहुतेकांना एकच गोष्ट दिसते: ताऱ्यांचे ठिपके न होता लहान लहान रेघा झालेल्या असतात. मोटर तर चालू होती, ध्रुवाकडे रोखही बरा धरला होता, मग तारे सरकले कसे? कारण माउंटच्या, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या आधाराच्या, गिअरमध्ये आहे. आणि उपाय बऱ्याचदा शब्दशः तुमच्या हातात असतो, कारण तो चार बाणांच्या त्या हँड कंट्रोलरमध्येच दडलेला आहे.

हा लेख ज्यांच्याकडे गो-टू (लक्ष्य स्वतःच शोधणारी यंत्रणा) नसलेला साधा विषुववृत्तीय माउंट (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) आहे, ज्याच्या दोन्ही अक्षांना मोटर आहेत पण ऑटोगायडरचं, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून मोटरची चूक सुधारणाऱ्या उपकरणाचं, पोर्ट नाही, त्यांच्यासाठी आहे. तुमच्या कंट्रोलरवर ‘एसटी-४’ किंवा ‘ऑटोगायडर’ लिहिलेलं सहा तारांचं सॉकेट आधीपासून असेल, किंवा माउंट यूएसबीवरून संगणकाचे आदेश घेत असेल, तर पेटी उघडूच नका. तुम्हाला हवं ते आधीच मिळालेलं आहे. बाकीच्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पेटी उघडली की वॉरंटी संपते, आणि सोल्डरिंगचा हात थोडा तरी बसलेला हवा. तो नसेल तर आधी एखाद्या निकामी रिमोटच्या बोर्डवर आठवडाभर सराव करा.

तारा का सरकतो

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण करते, म्हणून आकाश सेकंदाला १५.०४ विकला या वेगानं फिरताना दिसतं. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आरएची, म्हणजे विषुवांशाची (पूर्व-पश्चिम दिशेची) मोटर त्याच वेगानं दुर्बीण आकाशाबरोबर नेते. मोटरचा वेग चोख असतो, पण तिच्यापुढचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि वर्म-व्हील (तो फिरवतो ते दात्यांचं चाक) अगदी निर्दोष कापलेले नसतात. वर्मच्या प्रत्येक फेरीत दुर्बीण जराशी पुढे धावते, मग जराशी मागे रेंगाळते.

ईक्यू-५ जातीच्या माउंटचं उदाहरण घ्या. त्याच्या वर्म-व्हीलला १४४ दाते असतात. ८६,१६४ सेकंदांना १४४ नी भागलं की ५९८ सेकंद येतात, म्हणजे तीच चूक जवळपास दर दहा मिनिटांनी परत येते. ही चूक मध्यापासून दोन्हीकडे २० विकला धरली, तर सगळ्यात वाईट घटकेला तारा सेकंदाला ०.२ विकला सरकतो आणि दोन मिनिटांत सुमारे २३ विकला. ४०० मिमी फोकल लांबी आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर एक पिक्सेल १.९४ विकलांचा होतो, म्हणजे तारा बारा पिक्सेलची रेघ ओढतो.

ऑटोगायडर करतो ते इतकंच: शेजारी बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो घेतो, तारा किती हलला ते पिक्सेलच्या अंशापर्यंत मोजतो, आणि हललेला असेल तर योग्य बाणाचं बटण काही मिलिसेकंद दाबतो. तुम्ही डोळा लावून हातानं केलं असतं तेच, पण न थकता.

एसबीआयजी कंपनीच्या एसटी-४ या ऑटोगायडरवरून ही जोडणी एसटी-४ म्हणून ओळखली जाते. तिच्यात माहितीची देवाणघेवाण काहीच नाही. एक सामाईक तार आणि चार दिशांच्या चार तारा. सामाईक तार ज्या दिशेच्या तारेला जोडली जाईल ते बटण दाबलं गेलं असं समजायचं. म्हणून आपलं कामही सोपं आहे: कंट्रोलरच्या चार बटणांना समांतर असे चार विद्युत-स्विच बसवायचे.

आधी बटणांचा वेग समजून घ्या

इथे बरेच जण घाई करतात. या जातीच्या कंट्रोलरवर २, ४ आणि ८ पट असा वेग निवडायचा स्विच असतो. २ पटीवर ठेवून आरएचं एक बटण दाबलं की मोटर दुप्पट वेगानं पळते, विरुद्ध बटण दाबलं की थांबते. आकाशाच्या तुलनेत पाहिलं तर दोन्ही वेळी दुर्बीण सेकंदाला १५ विकलाच सरकते, एकदा पुढे, एकदा मागे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आरएची मोटर कधीही उलटी फिरत नाही, त्यामुळे गिअरमधली ढिलाई या अक्षात आडवी येत नाही. ४ किंवा ८ पटीवर मात्र एका बटणाला मोटर उलटी फिरते, आधी ती ढिलाई भरून काढते आणि मगच दुर्बीण हलवते. तोपर्यंत सॉफ्टवेअरनं आणखी दोन धक्के दिलेले असतात. गायडिंगला २ पटच, त्याबद्दल चर्चा नको. स्विच हाताच्या धक्क्यानं सरकू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावून ठेवतो.

उत्तर-दक्षिण गोलार्धाचा स्विचही असतो. तो चुकीच्या बाजूला असेल तर मोटर आकाशाच्या उलट फिरते आणि कितीही गायडिंग केलं तरी उपयोग होत नाही.

पेटी उघडल्यावर

बॅटरी काढा, मोटरच्या तारा काढा, मग स्क्रू काढा. बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, स्क्रू कुठला कुठे होता त्यासकट. बोर्डला हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला स्पर्श करून अंगातला स्थिर भार घालवा.

बटणं दोन प्रकारची असतात. चार पायांचे टक-टक वाजणारे स्विच असतील तर बरं. त्या चार पायांतले दोन-दोन आतून जोडलेलेच असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कोणते दोन बटण दाबल्यावरच जुळतात ते शोधा. रबराच्या बटणाखाली काळे कार्बनचे ठिपके असतील तर त्यांवर सोल्डर करायला जाऊ नका. सोल्डर धरत नाही आणि ठिपका जळतो. त्या ठिपक्यापासून निघालेली तांब्याची वाट पुढे एखाद्या रेझिस्टरपर्यंत किंवा आयसीच्या पायापर्यंत शोधत जा आणि जोड तिथे द्या.

आता बॅटरी परत लावा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला. प्रत्येक बटणाच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज लिहा, बटण सोडलेलं असताना आणि दाबलेलं असताना. चार बटणं, सोळा आकडे. हे सोळा आकडे कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण घोडं पेंड खातं ते इथेच: बटणं बाहेरून सारखी दिसली तरी आतलं सर्किट चार-पाच तऱ्हांचं असू शकतं.

सगळ्यात सोपी तऱ्हा म्हणजे चारही बटणांची एक बाजू कायम शून्य व्होल्टवर, दुसरी ५ किंवा ३.३ व्होल्टवर, आणि दाबल्यावर तीही शून्यावर येते. बटण प्रोसेसरचा पाय जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टला, टेकवतं, एवढाच याचा अर्थ. साधा ऑप्टोकप्लर (एलईडीच्या उजेडानं चालू होणारा ट्रान्झिस्टर-स्विच, दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या) इथे उत्तम चालतो. दुसरी तऱ्हा याच्या उलटी: एक बाजू कायम ५ व्होल्टवर आणि दाबल्यावर दुसरी बाजू शून्यावरून वर जाते. ऑप्टोकप्लर इथेही चालतो, फक्त जोडायची दिशा बदलते.

दोन्ही बाजूंचे आकडे स्थिर न राहता मधलेच काहीतरी दाखवत असतील, तर बटणं बहुधा मॅट्रिक्समध्ये आहेत आणि प्रोसेसर ओळी-ओळीनं त्यांची चौकशी करतो आहे. चारही बटणांची एक बाजू एकाच तारेवर येत असेल आणि प्रत्येक बटणाला तिथे वेगळा व्होल्टेज दिसत असेल, तर रेझिस्टरची शिडी आहे. या दोन्ही तऱ्हांत ऑप्टोकप्लरऐवजी फोटोमॉस रिले घ्या. तो खऱ्या बटणासारखा दोन्ही दिशांना वीज जाऊ देतो आणि मध्ये व्होल्टेज खात नाही. शिडी असेल तर आणखी एक परीक्षा घ्या: आरए आणि डेक्लिनेशनची (क्रांतीची, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेची) बटणं एकदम दाबून दोन्ही मोटर प्रतिसाद देतात का पाहा. देत नसतील तर एका वेळी एकाच अक्षाला धक्का मिळेल हे धरून चाला.

पाचवी तऱ्हा जुन्या डीसी मोटरच्या कंट्रोलरमध्ये सापडते. तिथे मोटरचा करंट थेट बटणातून वाहतो. त्यासाठी मोटरचा करंट पेलणारे रिले आणि ते चालवायला ट्रान्झिस्टर लागतात. तो वेगळा आणि मोठा उद्योग आहे. पुढचं सगळं पहिल्या दोन तऱ्हांना धरून लिहिलं आहे. फोटोमॉस वापरणाऱ्यांनाही एलईडीच्या बाजूची जोडणी तशीच ठेवता येते.

सर्किट

चार पीसी ८१७ ऑप्टोकप्लर, चार ६८० ओहमचे रेझिस्टर, एक सहा संपर्कांचं आरजे-१२ सॉकेट, छिद्रांच्या बोर्डचा लहान तुकडा आणि बारीक तार. सामान एवढंच.

पीसी ८१७ च्या पाय १ वर एलईडीचं धन टोक, २ वर ऋण टोक, ३ वर ट्रान्झिस्टरचा एमिटर आणि ४ वर कलेक्टर. पाय १ कडे गोल खूण असते. ५ व्होल्टचं धन टोक ६८० ओहममधून पाय १ ला, पाय २ एसटी-४ च्या दिशेच्या तारेला, आणि एसटी-४ ची सामाईक तार ५ व्होल्टच्या ऋण टोकाला. गायडरनं ती दिशा सामाईक तारेला जोडली की एलईडी पेटतो.

६८० ओहमच का? एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट आणि गायडरच्या स्विचवर ०.२ व्होल्ट पडतात. उरलेल्या ३.६ व्होल्टला ६८० नी भागलं की ५.३ मिलिअँपिअर येतात. गायड कॅमेऱ्याच्या पोर्टमधला स्विच नाजूक असू शकतो, त्याच्याकडून एवढा करंट मागणं सुरक्षित आहे. पीसी ८१७ चा सगळ्यात कमी गुणक (एलईडीच्या करंटच्या किती टक्के करंट पलीकडे वाहू शकतो) ५० टक्के धरला तरी पलीकडे अडीच मिलिअँपिअर ओढायची ताकद मिळते. बटणाच्या तारेवर १० किलोओहमचा पुल-अप (तार ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) असेल तर ती शून्यावर आणायला अर्धा मिलिअँपिअर पुरतो. हात राखून आहोत.

पलीकडची बाजू: पहिल्या तऱ्हेत कलेक्टर बटणाच्या ५ व्होल्टच्या बाजूला आणि एमिटर शून्याच्या बाजूला. दुसऱ्या तऱ्हेत कलेक्टर कायम ५ व्होल्ट असलेल्या बाजूला आणि एमिटर प्रोसेसरकडे जाणाऱ्या बाजूला. थोडक्यात, कलेक्टर नेहमी जास्त व्होल्टेजकडे.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. एलईडीसाठी लागणारे ५ व्होल्ट कंट्रोलरच्या बोर्डवरून घेण्याचा मोह होतो, तार जवळच असते. पण गायड कॅमेऱ्याचं एसटी-४ पोर्ट आतून विलग केलेलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाकी सर्किटपासून विजेनं तोडलेलं, नसेल, तर त्या एका तारेनं संगणकाची जमीन आणि माउंटची जमीन एक होते आणि ऑप्टोकप्लर बसवण्याचं कारणच संपतं. संगणक चार्जरवर, माउंट वेगळ्या पुरवठ्यावर, कॅमेऱ्याचा कूलर तिसऱ्यावर, अशा रात्री नको तो करंट याच वाटेनं फिरतो. तुमचं पोर्ट विलग आहे का ते कॅमेरा सगळ्यापासून सोडवून तपासा: पोर्टची सामाईक तार आणि यूएसबी प्लगचं धातूचं कवच यांच्यातला रोध मोजा. शून्याजवळ आला तर विलग नाही. अशा वेळी एलईडीचे ५ व्होल्ट संगणकाच्या यूएसबीतूनच घ्या. मी तर पोर्ट विलग असलं तरी यूएसबीतूनच घेतो. एक केबल वाढते, पण उद्या कॅमेरा बदलला तर पुन्हा विचार करावा लागत नाही.

तारांचा क्रम

एसटी-४ च्या प्रचलित क्रमात संपर्क १ रिकामा, २ सामाईक, ३ आरए अधिक, ४ डेक्लिनेशन अधिक, ५ डेक्लिनेशन उणे आणि ६ आरए उणे. अधिक-उणे उलटलं तरी बिघडत नाही, कारण कोणत्या धक्क्यानं तारा कुठे जातो हे सॉफ्टवेअर कॅलिब्रेशनमध्ये स्वतःच शिकतं. पण ३ आणि ६ ची जोडी एकाच अक्षावर आणि ४ आणि ५ ची दुसऱ्या अक्षावर हवीच.

केबलनं मला दोन अख्ख्या रात्री खाल्ल्या आहेत. तारा पश्चिमेकडे व्यवस्थित जायचा आणि परतच यायचा नाही. मी सोल्डर दोनदा उकलून पाहिलं, ऑप्टोकप्लर बदलला, सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. दोष होता घरातल्या जुन्या टेलिफोनच्या केबलमध्ये. तिचा प्लग एसटी-४ मध्ये अगदी बेमालूम बसतो, पण त्यात मधले चारच संपर्क असतात, २ ते ५. सहावा, म्हणजे आरएची एक दिशा, त्यात नसतेच. शिवाय टेलिफोनच्या अनेक केबल उलट क्रिम्प केलेल्या असतात, एका टोकाचा १ दुसऱ्या टोकाच्या ६ वर. आपल्याला सहाही तारांची आणि सरळ जोडलेली केबल हवी: १ ला १, ६ ला ६. प्रत्येक केबल मीटरनं तपासूनच पिशवीत टाका.

सोल्डरिंग आणि बसवणी

लोखंड ३२० ते ३५० अंश सेल्सिअसवर, प्रत्येक जोडाला दोन-तीन सेकंद. तार बारीक आणि लवचीक हवी. जाड तार ओढली गेली की बोर्डवरची तांब्याची टिकलीच उचलून येते आणि मग ती बसवणं महाकठीण. बटणांकडून येणाऱ्या तारा बोर्डला दोन ठिकाणी गरम गोंदानं चिकटवा, म्हणजे ताण जोडावर न येता गोंदावर येईल.

जागा असेल तर ऑप्टोकप्लरचा बोर्ड कंट्रोलरच्या आतच बसवा. नसेल तर काडेपेटीएवढी वेगळी डबी करून कंट्रोलरच्या पाठीला चिकटवा. मला डबी जास्त पटते, कारण माउंट विकायची वेळ आली तर ती सहज काढता येते. सॉकेट मात्र केबल खाली लोंबेल असं बसवा. दव केबलवरून ओघळतं, आणि सॉकेटचं तोंड वर असलं की थेंब थेट संपर्कांवर जातो.

टेबलावरची चाचणी

आकाशाखाली जाण्याआधी घरातच तपासा. कॅमेरा लागत नाही, संगणकही नाही. एलईडीच्या बाजूला ५ व्होल्ट द्यायला मोबाइलचा चार्जर पुरे. सॉकेटमध्ये सहा तारांची अशी केबल घाला जिचं दुसरं टोक कापून तारा मोकळ्या केल्या आहेत. सामाईक तार एकेका दिशेला टेकवा.

मोटर आकाशाच्या वेगानं फिरत असताना हालचाल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वर्मच्या दांड्याला कागदाचा काटा चिकटवा. वर्मची एक फेरी ५९८ सेकंदांची असेल तर ३० सेकंदांत काटा १८ अंश फिरतो. आरएची एक तार ३० सेकंद टेकवून ठेवा: काटा ३६ अंश फिरला पाहिजे. दुसरी टेकवा: तो जागचा हलता कामा नये. डेक्लिनेशनचा काटा एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला गेला पाहिजे. मग खरी बटणंही पूर्वीसारखी चालतात का ते पाहा. तार न टेकवताच एखादं बटण दाबलेलं राहत असेल तर त्या ऑप्टोकप्लरचे कलेक्टर-एमिटर बहुधा सोल्डरच्या थेंबानं जुळले आहेत.

सॉफ्टवेअर

पीएचडी २ हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मी वापरतो. इतरांतही याच कल्पना सापडतात. उपकरणांच्या यादीत गायड कॅमेरा निवडा आणि माउंटच्या जागी ‘ऑन-कॅमेरा’. म्हणजे धक्के कॅमेऱ्याच्या एसटी-४ पोर्टातून जातील. गायड दुर्बिणीची फोकल लांबी आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलचं माप नीट भरा. मायक्रॉनमधला पिक्सेल गुणिले २०६.२६५ भागिले मिलिमीटरमधली फोकल लांबी, हे सूत्र. ३.७५ मायक्रॉन आणि १२० मिमी असेल तर एक पिक्सेल ६.४५ विकला. त्यानंतर झाकण लावून डार्क फ्रेमचा संच करून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर एखाद्या बिघडलेल्या पिक्सेललाच तारा समजून बसतं, आणि तो ‘तारा’ अर्थातच कधी हलत नाही.

कॅलिब्रेशनच्या धक्क्याची लांबी अंदाजानं टाकू नका. तारा २५ पिक्सेल सरकायला हवा, म्हणजे आपल्या उदाहरणात १६१ विकला. सेकंदाला १५ विकलांच्या हिशेबानं सुमारे १०.७ सेकंद. ते बारा टप्प्यांत वाटले की एक टप्पा ९०० मिलिसेकंदांचा. सॉफ्टवेअरमधला गणकही साधारण हेच सांगतो, पण त्याला गायडिंगचा वेग १.० पट असल्याचं सांगावं लागतं. अनेक गो-टू माउंट ०.५ पटीवर चालतात, आपला तसा नाही.

आणखी एक चाचणी मी प्रत्येक नव्या कंट्रोलरवर करतो. बटणाचा स्पर्श खरा आहे याची खात्री व्हावी म्हणून प्रोसेसर काही मिलिसेकंद थांबतो, त्यामुळे अगदी छोटे धक्के हरवू शकतात. मॅन्युअल गायडच्या खिडकीतून ५०० मिलिसेकंदांचा एक धक्का द्या आणि तारा किती सरकला ते पाहा. मग त्याच दिशेला ५० मिलिसेकंदांचे दहा द्या. दोन्ही सरकणं जवळपास सारखं आलं तर उत्तम. दहा धक्क्यांत तारा बराच कमी सरकला तर ५० मिलिसेकंदांचा धक्का अर्धवटच पोचतो आहे. मग किमान हालचालीची मर्यादा, म्हणजे तारा किती हलल्यावरच धक्का द्यायचा तो आकडा, वाढवा. ०.१५ पिक्सेल म्हणजे आपल्याकडे ०.९७ विकला, त्यासाठी ६४ मिलिसेकंद लागतात; ७० टक्के आक्रमकतेवर, म्हणजे मोजलेल्या चुकीचा ७० टक्केच भाग दुरुस्त करायचा ठरवला तर, तेच ४५ होतात. तुमच्या कंट्रोलरला ५० कळत नसतील तर मर्यादा ०.२५ च्या पुढे न्या.

आकाशाखाली

ध्रुवाकडचा रोख पाच कलांच्या आत आणा (कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग). एका कलेच्या चुकीमागे डेक्लिनेशनमध्ये तारा जास्तीत जास्त मिनिटाला ०.२६ विकला सरकतो, म्हणजे पाच कलांना मिनिटाला १.३ विकला. गायडरला हे अगदी सहज झेपतं.

आरएचा तोल अचूक साधू नका, पूर्वेचं पारडं किंचित जड ठेवा. मग मोटर सतत वजन उचलत राहते, दाते एकाच बाजूला टेकलेले राहतात आणि मधल्या पोकळीत तरंगत नाहीत.

पहिलं कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळच्या, याम्योत्तराच्या (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) आसपासच्या ताऱ्यावर करा. ध्रुवाकडे जावं तसं आरएच्या त्याच धक्क्यानं तारा कमी सरकतो. ६० अंश क्रांतीवर बरोब्बर निम्मा. ऑन-कॅमेरा जोडणीत दुर्बीण कुठे रोखली आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून आकाशाच्या दुसऱ्या भागात गेलात किंवा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवलीत, की कॅलिब्रेशन पुन्हा करा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

डेक्लिनेशनची ढिलाई मात्र या माउंटना भोवते. ही मोटर दिशा बदलते तेव्हा ढिलाई भरेपर्यंत काहीच होत नाही, मग दुर्बीण एकदम उडी घेते आणि गायडर उलट धावतो. वर्म जरा घट्ट करून ढिलाई कमी करता येते, पण फार घट्ट केला तर थंडीत मोटर अडकते. माझा भरवसा दुसऱ्या युक्तीवर आहे. ध्रुवाचा रोख मुद्दाम तीन-चार कला बाजूला ठेवा, म्हणजे तारा डेक्लिनेशनमध्ये हळूहळू एकाच दिशेला सरकत राहील. तो कोणत्या दिशेला जातो ते गायडिंग बंद ठेवून दोन-तीन मिनिटं पाहा आणि डेक्लिनेशनचं गायडिंग फक्त त्याच्या विरुद्ध दिशेपुरतं चालू ठेवा. मोटर कधी दिशाच बदलत नाही, मग ढिलाईचा प्रश्न उरत नाही.

एक्स्पोजर दोन ते तीन सेकंद ठेवा. सेकंदाला ०.२ विकलांच्या चुकीत तेवढ्या वेळात तारा फार तर ०.६ विकला सरकतो, आणि हवेच्या थरथरण्याचा थोडासा समतोलही साधला जातो. अर्ध्या सेकंदाला धक्के देणारा गायडर हवेचा पाठलाग करत बसतो.

बिनसलं तर

कॅलिब्रेशनमध्ये ‘तारा पुरेसा हलला नाही’ असा संदेश आला आणि तो पश्चिमेच्या टप्प्यावर आला तर केबल किंवा एलईडीचे ५ व्होल्ट तपासा. उत्तरेच्या टप्प्यावर आला तर आधी ढिलाईवर संशय घ्या. टप्प्याची लांबी वाढवा. तारा आरएमध्ये पळत सुटून चौकटीबाहेर गेला तर वेगाचा स्विच ८ वर तर नाही ना ते पाहा. दोन अक्षांमधला कोन ९० अंशांपासून बराच हटलेला दिसला तर ते कॅलिब्रेशन टाकून द्या आणि पुन्हा करा.

दोन्ही अक्षांची सरासरी चूक तुमच्या मुख्य कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलच्या आत असेल आणि एकमेकींच्या जवळपास असेल तर तारे गोल येतील. आपल्या उदाहरणात हा आकडा १.९४ विकला आहे आणि चांगल्या जुळवलेल्या साध्या माउंटकडून तो मागायला हरकत नाही.

कधी कधी गायडिंगचा आलेख सपाट असतो, आकडे सुंदर असतात आणि फोटोत तरीही रेघा येतात. तेव्हा दोष कंट्रोलरचा नसतो. गायड दुर्बीण मुख्य दुर्बिणीच्या तुलनेत हळूहळू झुकते आहे. सैल पट्टी, प्लॅस्टिकचा फोकसर किंवा ओढला जाणारा कॅमेऱ्याचा केबल, यांपैकी काहीतरी. एकाच लक्ष्याचे तासाभराचे फोटो ओळीनं लावून पाहा: तारे प्रत्येक फोटोत एकाच दिशेला थोडे थोडे सरकत गेलेले दिसले, तर सोल्डरिंगचं लोखंड परत ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर घ्या.